बस्ता आणि पाण्याचा तांब्या

आमच्या मॅनेजमेंटच्या पुस्तकातली पहिलीच केस एका परदेशी विमान कंपनीची होती. प्रवाशांच्या बॅगा हरवतात, प्रवासी चिडतात, काउंटरवरची बाई उद्धट बोलते. तर व्यवस्थापकाने काय करावं? वर्गात बत्तीस पोरं. त्यांतल्या एकानेही विमानतळ पाहिलेला नव्हता, आणि खरं सांगते, तोवर मीही नव्हता पाहिला. पण पुण्याहून एमबीए होऊन आले होते, अंगात रग होती, तेव्हा मोठ्या तोऱ्यात विचारलं, "बोला, काय करावं?"

मागच्या बाकावरून उत्तर आलं, "मॅडम, ट्रेनिंग द्यावं."

पुढच्या आठवड्यात बिस्किटांच्या कारखान्यातल्या संपाची केस घेतली. काय करावं? ट्रेनिंग द्यावं. त्यानंतर एका पंचतारांकित हॉटेलात गिऱ्हाइकाला सूप गार मिळतं, त्याची. सूप गरम करावं म्हणेल की नाही एखादा? नाही. ट्रेनिंग द्यावं! मी खडू टेबलावर आपटला, त्याचे तीन तुकडे झाले, आणि वर्ग इतक्या सभ्यपणे गप्प बसला की मला आणखीच राग आला.

ही गोष्ट दोन हजार सालाच्या आगेमागेची. तालुक्याच्या कॉलेजात बी.बी.ए. नुकतं सुरू झालं होतं. पोरं राजुरी, बेल्हे, ओतूर, पार मंचरपासून एसटीने यायची. वर्गाबाहेर हीच पोरं काय बोलायची! कंडक्टरशी हुज्जत घालून गाडी कॉलेजच्या दाराशी थांबवायची, टोमॅटोचे क्रेट वेळेवर उचलले नाहीत म्हणून टेम्पोवाल्याला अशी झाडायची की त्याने कान पकडावेत. आणि वर्गात आली की तोंडाला कुलूप.

त्यांत एक मुलगी होती निमगाव सावाची. सावळी, उंच, दोन वेण्या, पहिल्या बाकावर भिंतीकडेला बसायची. लिहायला सांगा, पेपर असा लिहायची की मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाचून दाखवावा. पण उभं करून नाव विचारलं तरी हिचा आवाज फुटायचा नाही. पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला चार प्रश्न विचारले. ती चारही वेळा नुसती त्यांच्या चपलांकडे बघत राहिली. नापास. तिचा थोरला भाऊ मला भेटायला आला होता. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "मॅडम, हिला समदं येतं, पर बोलता येत न्हाई. आन तुमी तर म्हनता ह्यो कोर्स बोलायचाच हाय. ह्या टायमाला पुन्यांदा नापास झाली तर आमी घरीच ठेवू. उगं हेलपाटे कशाला?"

ती दाराबाहेर उभी राहून ऐकत होती. तो गेल्यावर आत आली, माझ्या टेबलाची कड घट्ट धरली आणि एवढंच म्हणाली, "मला शिकायचंय." दोन वर्षांत मी ऐकलेलं तिचं हे सगळ्यात मोठं वाक्य.

मी जिद्दीला पेटले. तिला वर्गात रोज उभी केली, आरशासमोर बोल म्हटलं, पाठ करून ये म्हटलं. मी जितकी मागे लागले तितकी ती आक्रसत गेली. तोंडी परीक्षेला चार महिने राहिले होते.

आता आमच्या घराबद्दल सांगते. आळेफाट्याला आमचं कापडाचं दुकान. आजोबा राजस्थानातून आले, वडील इथेच वाढले, आणि आम्ही तर घरात भांडतोसुद्धा मराठीतूनच. वडिलांना आम्ही बाबूजी म्हणतो, सगळा तालुका शेठ म्हणतो. त्यांचं माझ्या शिक्षणाबद्दलचं मत सरळ होतं: पोरगी हुशार आहे, दोन वर्षं पुण्यात राहून आली, हौस झाली. एका संध्याकाळी जेवताना मी गार सुपाची केस तावातावाने सांगितली. बाबूजींनी भाकरीचा तुकडा मोडत विचारलं, "मग त्या गिऱ्हाइकाबरोबर दुसरं कोण बसलं होतं?"

"ते दिलेलं नाही."

"मग कसं सांगणार? माणूस बायकोसमोर चिडतो ते वेगळं आणि साहेबासमोर चिडतो ते वेगळं. सूप राहू दे बाजूला." आणि आईकडे बघून हसले. "हिला एकदा बस्त्याला बसव."

मी पानावरून उठलेच. पण हात धुताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की अगं बाई, हीच तर केस आहे!

बस्ता ज्याने पाहिला नाही त्याला लग्न म्हणजे काय हे निम्मंच कळलंय, असं मी म्हणेन. लग्न ठरलं की नवरीकडचे आणि नवऱ्याकडचे, दोन्ही घरची माणसं एकत्र कापडाच्या दुकानात येतात. जीप भरून इकडचे, जीप भरून तिकडचे. दुकानातल्या पांढऱ्या गादीवर समोरासमोर बसतात आणि लग्नाचं सगळं कापड एका बैठकीत घेतात. नवरीचा शालू, नवऱ्याचा पोशाख, वरमाईची साडी, मामा-मावश्या, चुलत्या, करवल्या, टॉवेल-टोप्या, सगळं. कुणाला कुठल्या मानाची साडी, याची यादी खिशात असते. शेवटी सगळा ढीग एका मोठ्या कापडात बांधायचा, वर हळदकुंकू, नारळ. झाला बस्ता. ज्या नवरीसाठी हे चाललेलं असतं ती मात्र कोपऱ्यात मान खाली घालून बसते. आणि दोन्हीकडच्यांना सांभाळायचं कुणी? दुकानदाराने.

मी बाबूजींना विचारलं, पाच विद्यार्थी आणू का? म्हणाले, "आण. पण दोन्ही पावण्यांना आधी विचारतो. त्यांची हरकत नसेल तरच."

त्यांची हरकत नव्हती. नवरी राजुरीची, नवरा आंबेगाव तालुक्यातला, घोडेगावच्या बाजूचा. मी चार बऱ्यापैकी मुलं निवडली आणि पाचवी ही निमगावची, नोंदी चांगल्या काढते म्हणून. पाचही जणांना दुकानात शिरण्याआधी दम भरला, "वही-पेन काढायचं, आरशाखालच्या बाकावर बसायचं, बघायचं आणि लिहायचं. तोंडातून एक शब्द जर बाहेर आला तर माझ्याशी गाठ आहे."

अकराला सुरुवात झाली. पहिला तास गोडीगुलाबीचा. चहा झाला, भेळ झाली, नवरीचा शालू सगळ्यांना पसंत पडला. डाळिंबी रंगाचा. नवरीने पदरावरून नुसता एक हात फिरवला आणि तेवढ्यात तिची आई म्हणाली, "बास, ह्योच." मग नवरीचे वडील नवऱ्याकडच्यांच्या मानाच्या साड्यांची यादी वाचायला लागले आणि कुठंतरी काहीतरी बिनसलं.

नवऱ्याच्या वडिलांना एकही साडी पसंत पडेना. "रंग उठत न्हाई." दुसरी काढली. "काठ बारीक हाय." तिसरी. "लई हलकी वाटती, राव." त्यात लाईट गेली. मग प्रत्येक साडी बाहेर रस्त्यावर उन्हात नेऊन बघायची, एसटीतले लोक खिडकीतून माना काढून मतं देणार, आणि आत आणली की पुन्हा नापसंत. गादीवर साड्यांचा डोंगर झाला. आमची विकणारी माणसं घामाघूम. नवरीचे वडील आधी हसत होते, मग नुसते दात दिसत होते, मग तेही दिसेनात. म्हणाले, "पावणं, आमच्या मोठीच्या बस्त्याला पन ह्याच साड्या व्हत्या. तवा कुनी नाक मुरडलं न्हाई."

हे वाक्य म्हणजे रॉकेलच. नवऱ्याचे वडील टोपी झटकून उभे राहिले. "मग मोठीच्याच सासरी द्या. बस्ता आज ऱ्हाऊ द्या. चला रे."

जीप भरून आलेली माणसं बस्ता न बांधता परत गेली तर दोन तासांत दोन तालुक्यांत बातमी होते की लग्न मोडलं, आणि मग ते खरोखरच मोडतं. कोपऱ्यातल्या नवरीने पहिल्यांदा मान वर केली. तिचा चेहरा मला अजून दिसतो. मी बाबूजींकडे पाहिलं. आता तरी हा माणूस काही बोलेल! चाळीस वर्षं गादीवर बसलाय! तर बाबूजी शांतपणे एका साडीची घडी घालत होते. घडी झाली, त्यावरून हात फिरवला, आणि आरशाखालच्या बाकाकडे बघून म्हणाले, "बाई, जरा पाणी फिरव सगळ्यांना. तिकडून खांबाकडून सुरू कर."

ते निमगावच्या पोरीला म्हणत होते. लग्न मोडायला आलंय आणि यांना पाणी सुचतंय! मी मनात कपाळाला हात लावला.

खांबाजवळ नवऱ्यामुलाची म्हातारी आत्या बसली होती, सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत. लहान वयात नवरा गेल्यावर माहेरी परत आलेली. नवरामुलगा तिच्याच अंगाखांद्यावर वाढला, हे आम्हाला मागाहून कळलं. सकाळपासून ती साड्यांच्या ढिगाकडे बघत होती, मध्येच एखाद्या काठाला बोट लावत होती आणि बोट मागे घेत होती. पोरगी तांब्या घेऊन तिच्यापुढे वाकली. म्हातारी पाणी प्यायली. आणि आमची ही मुकी पोरगी, जिला मी शब्द काढायचा नाही म्हणून बजावलं होतं, ती सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आत्या, तुमची कुठली ओ?"

मी बाकावरून निम्मी उठले होते, हिला गप्प करायला. म्हातारी पदर तोंडाला लावून म्हणाली, "माजी कशाला गं पोरी? यादीत न्हाई मी."

झालं. नवरीच्या वडिलांनी यादी डोळ्यांजवळ नेली, वरून खाली बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि मग त्यांचा चेहरा असा पडला! "आरं देवा," ते म्हणाले, "ही तर मोठीच्या लग्नातली यादी! वरची नावं तेवढी बदलली म्या. तिकडं आत्या नव्हत्या, ते तसंच उतरलं." माणूस धोतर सावरत उठला, साड्यांवरून वाट काढत गेला आणि त्याने म्हातारीचे पाय धरले. "चुकलं. आक्का, चुकलं माजं."

नवऱ्याचे वडील खाली बसले. ते आरशाकडे तोंड करून उपरण्याने डोळे पुसत होते, पण आरसाच तो, सगळ्यांना दिसत होतं. म्हणजे तीन तास हा माणूस रंग आणि काठ यांवर भांडत होता आणि दुखणं होतं बहिणीचं. आणि ते तोंडाने सांगायचं कसं? मान मागून घेतला तर तो मान राहत नाही.

आत्याबाईंसाठी बाबूजींनी मांडीजवळून एक जांभळं इरकली लुगडं पुढे केलं. ते सगळ्यांना एका नजरेत आवडलं. पुढच्या अर्ध्या तासात यादी संपली. जिचा रंग मघाशी उठत नव्हता ती साडी वरमाईला गेली आणि नवऱ्याचे वडील म्हणाले, "आक्षी झ्याक दिसतीया!" नारळ ठेवून बस्ता बांधला. जाताना नवरी आमच्या पोरीजवळ थांबली, काही बोलली नाही, नुसती तिच्या वेणीला हात लावून गेली.

मी घरी जाऊन रातोरात केस लिहून काढली असती तर बरं वाटलं असतं सांगायला, पण मला आठवडा लागला. गावांची नावं काढली, तपशील फिरवले, दोन्ही घरांना दाखवून त्यांची परवानगी घेतली. फाट्यावर झेरॉक्स काढली. शेवटी प्रश्न घातला: दुकानदाराने काय करायला हवं होतं? आणि वर एक वाक्य मोठ्या हौसेने लिहिलं होतं, 'या सर्व काळात दुकानदाराने काहीही केले नाही.'

त्या दिवशी माझ्या वर्गाचं कुलूप तुटलं. एकजण म्हणाला दुकानदाराने यादी आधीच मागायला पाहिजे. दुसरा म्हणाला, येडा का खुळा, यादी कोण देतं दुकानदाराला? मंचरची मुलगी बाकावर चढायचीच बाकी होती. "तुमी पुरुषांनी यादी लिव्हली म्हनूनच आत्या ऱ्हायली!" तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठेना. शेजारच्या वर्गातले सर येऊन विचारून गेले, मारामारी चाललीय का? त्यानंतर पोरं आपापल्या केसेस आणायला लागली. पाण्याच्या पाळीची, दूध संकलनाच्या रांगेची, यात्रेच्या वर्गणीच्या मीटिंगची. आणि कुणीही, कुणीही 'ट्रेनिंग द्यावं' म्हटलं नाही. मी फळ्यासमोर उभी राहून बाबूजींवर चांगलं तोंडसुख घेतलं. नेतृत्वाचा अभाव म्हटलं, वेळेवर हस्तक्षेप नाही म्हटलं. पोरांना मजा आली. निमगावची तेवढी हसली नाही. पण ती बोललीही नाही. दुकानात एकदा फुटलेला आवाज वर्गात पुन्हा बंद झाला होता.

तोंडी परीक्षेचा दिवस आला. पुण्याचे परीक्षक, सफारी घातलेले, दुपारच्या जेवणानंतर डोळे जड झालेले. मी शेजारी बसले होते, पण मला मध्ये बोलायची परवानगी नव्हती. बाहेर व्हरांड्यात तिचा भाऊ उभा होता.

ती आली, बसली. परीक्षकांनी केसची झेरॉक्स चाळली. "हं. सांगा, या प्रसंगात दुकानदाराचं काय चुकलं?"

परीक्षकांनी टेबलावर बोटं वाजवली. ती त्यांच्या चपलांकडे बघायला लागली. तेच, अगदी तेच. माझा जीव टांगणीला. सांगू नये, खूण करू नये, पण हातांना काहीतरी करायला हवं होतं म्हणून मी माझ्यापुढचा पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला.

तिने ग्लास हातात घेतला. प्यायली नाही. त्याच्याकडे बघत राहिली आणि तिच्या चेहऱ्यावर हळूच हसू आलं.

"सर," ती म्हणाली, "त्यांचं काही चुकलं नाही. केसमध्ये जे लिहिलंय ते चुकलंय."

परीक्षकांची झोप उडाली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

"लिहिलंय की दुकानदाराने काही केलं नाही. सर, मी तिथं होते. पाणी आधी पुरुषांना देतात, मोठ्या पावण्यांना. त्यांनी मला सांगितलं, खांबाकडून सुरू कर. तिथं एकट्या आत्या होत्या. आणि मी तांब्या उचलला तेव्हा शेठच्या मांडीजवळ जांभळं लुगडं आधीच काढून ठेवलेलं होतं. आत्यांच्या वयाला शोभेल असं. त्यांना कधीचं कळलं होतं, सर."

"मग स्वतः का नाही बोलले ते?"

"ते बोलले असते तर चारचौघांत पावण्यांची चूक काढल्यासारखं झालं असतं. मी विचारलं तर नुसती विचारपूस झाली."

परीक्षक पुढे आणखी दहा मिनिटं तिच्याशी बोलत होते, परीक्षा सोडून. मार्क देताना त्यांनी मला दाखवून दिले. मी काय सांगू, मला रडू येत होतं आणि लाजही वाटत होती, दोन्ही एकदम. व्हरांड्यात भावाने तिला विचारलं, "बोललीस का?" आणि ती म्हणाली, "हा, लई." माणूस खुळ्यासारखा हसायला लागला.

मी तशीच दुकानात गेले. बाबूजी गादीवर कापड मोजत होते. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. त्यांनी मोजणं थांबवलं नाही.

"खरं आहे का ते?" मी विचारलं.

"यादी वाचली तेव्हाच कळलं होतं. म्हातारी काठाला बोट लावत होती ना."

"मग मला का नाही सांगितलंत? मी तीन महिने वर्गात तुम्हाला नावं ठेवतेय!"

"तू विचारलं नाहीस," बाबूजी म्हणाले. "तू लिहून मोकळी झालीस."

मग विचारलं, "पण पाच जणांत तिलाच का पाठवलंत?"

आता त्यांनी मीटर खाली ठेवला. "चौघं वहीत बघत होते, ती माणसांकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते गं. बोलायचं होतं तिला. मी विचार करत होतो, हिचं तोंड कुणी बंद केलंय?"

मी त्यांना सांगितलं नाही, पण त्यांना ठाऊक असणार. त्यांची गादी दारापासून चार हातांवर होती, आणि दम मी दुकानाच्या दारात उभी राहून भरला होता. जिला बोलती करायला मी दोन वर्षं जिवाचं रान केलं, तिला पहिल्यांदा खऱ्या माणसांत नेलं ते गप्प बसायची शपथ घालून.

दुसऱ्या दिवशी झेरॉक्सवाल्याकडे जाऊन केसचं शेवटचं पान बदलून घेतलं. ते वाक्य काढलं. आरशाखालचा बाक, पाच विद्यार्थी आणि त्यांच्या मॅडमनी भरलेला दम, हे सगळं आत घातलं आणि प्रश्न बदलला: या प्रसंगात सर्वांत मोठी चूक कोणाची? दरवर्षी बहुतेक मुलं यादी उतरवणाऱ्या वडिलांची लिहितात. मी त्यांना पास करते, पण पूर्ण मार्क देत नाही. कधीतरी एखादी पोर भीत भीत हात वर करून म्हणते, "मॅडम, राग नका मानू, पण..." तिला मी पुढे बोलायला लावते.